आधीं नाली, मग भिंत

नागपूर शहराच्या दक्षिणेस म्हाळगीनगर चौकापासून जो रस्ता हुडकेश्वराकडे व पुढें पिपळ्याकडे जातो, त्याच्या दोहों बाजूंस आज घरेंच घरें आहेत. एकेकाळीं येथें शेतें होतीं, बांध होते, बैलगाडीच्या चाकोऱ्या होत्या. २०१३ सालीं हुडकेश्वर व नरसाळा हीं दोन गांवें नागपूर महानगरपालिकेच्या हद्दींत घेण्यांत आलीं आणि त्यांचें गांवपण कागदोपत्रीं संपलें. परंतु कागदावर गांवाचें शहर झालें, त्याच्या पुष्कळ आधीं जमिनीवर तें शहर होऊं लागलें होतें. आणि सर्व दुखण्याचें मूळ येथेंच आहे. वस्ती आधीं आली. रस्ता, नाली, नळ, शाळा हीं मागून लंगडत लंगडत आलीं. आज तीच वेळ हुडकेश्वराच्या पलीकडच्या खेड्यांवर आली आहे. वेशीवर लेआऊटचा फलक लागतो, पारावर कुजबुज सुरू होते, अधिकाऱ्यांच्या टेबलावर नकाशा जातो, आणि गांव एकमेकांस विचारूं लागतें : ही घरांची योजना येऊं द्यावी, कीं अडवावी?

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. घरांस आमचा विरोध नाहीं. ज्यास डोक्यावर छप्पर नाहीं त्यास छप्पर मिळावें, यासारखें पुण्य दुसरें नाहीं. बुटीबोरीच्या व हिंगण्याच्या कारखान्यांत राबणारा कामगार, पोलीस शिपाई, कारकून, मास्तर, बाजारांत हातगाडी लावणारा, यांनीं राहावें कोठें? शहराच्या मध्यभागीं त्यांस जागा परवडत नाहीं. म्हणून ते शहराच्या कडेला येतात. ते आमचे शत्रू नव्हेत. ते आमच्यासारखेच कष्टकरी आहेत, आणि पुष्कळ वेळां ते दुसऱ्या कोणत्या तरी खेड्यांतून उठून आलेले आमचेच भाऊबंद असतात. आमचा विरोध आहे तो घराच्या नांवावर चालणाऱ्या लबाडीला. भिंत आधीं व नाली मागून, पैसा आधीं व पाणी मागून, या उलट्या रीतीला आमचा विरोध आहे. गांवानें योजनेस होय म्हणावें. पण तें होय लेखी अटींवर असावें, आणि नांगर शेतांतून निघण्यापूर्वीं असावें.

हुडकेश्वराची व नागपुराच्या कडेच्या इतर वस्त्यांची हकीकत पाहिली म्हणजे आम्ही असें कां म्हणतों तें कळेल. नागपुरांत ‘५७२ लेआऊट’ व ‘१९०० लेआऊट’ हे शब्द रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत सर्वांस ठाऊक आहेत. हे आकडे म्हणजे परवानगीवांचून पाडलेल्या वस्त्यांच्या याद्या होत. शेतजमिनीचे तुकडे करून, चुन्याच्या रेघा ओढून, कोठें सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या नांवावर तर कोठें नुसत्या आममुखत्यारपत्रावर भूखंड विकण्यांत आले. घेणारानें आयुष्याची पुंजी ओतली. सातबाऱ्यावर वीस-वीस नांवें चढलीं, आणि कोणाचा तुकडा कोठें हें रेघ ओढणारालाच ठाऊक. एकच भूखंड दोघांस विकल्याच्या तक्रारी नागपूरच्या पोलिसांस व कचेऱ्यांस नव्या नाहींत.

अखेर सरकारला जाग आली आणि २००१ सालीं गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा कायदा झाला. आरंभीं जी मुदत होती ती पुढें वाढविण्यांत आली, आणि २०२१ च्या दुरुस्तीनें ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारी भूखंडांस त्याचा लाभ देण्यांत आला. कायदा दयाळू आहे, हें आम्हांस मान्य आहे. ज्यानें घर बांधलें त्यास रस्त्यावर काढणें हा न्याय नव्हे. परंतु या दयेचा खर्च कोणीं भरला? लेआऊट पाडणारानें नव्हे. तो पैसे मोजून केव्हांच पसार झाला. विकास शुल्क भरलें तें घर बांधणारानें. म्हणजे एकाच रस्त्याचे व एकाच नालीचे पैसे गरिबानें दोनदां दिले. एकदां विकणाराला, कारण जाहिरातींत रस्ता व नाली होती. दुसऱ्यांदां सरकारला, कारण जमिनीवर तीं नव्हतीं. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात तें हेंच.

ही लबाडी होते कशी, याचें गणित अवघड नाहीं. आम्ही शाळामास्तर असल्यामुळें तें फळ्यावर मांडल्याप्रमाणें मांडतों. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. दोन एकरांचें शेत म्हणजे ८७,१२० चौरस फूट. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणें ४,००० चौरस मीटर व त्यावरील जमिनीच्या लेआऊटांत दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. दोन एकरांवर ती जागा ८,७१२ चौरस फूट होते. हजार फुटांचा एक भूखंड धरला तर हे आठ भूखंड झाले, आणि शिवाय कांहीं उरलें. आतां विचार करा. जो माणूस मुलांचें मैदान, बायाबापड्यांची बसण्याची जागा, पावसाचें पाणी मुरण्याची जागा गिळून टाकतो, त्याच्या पदरांत आठ भूखंडांची किंमत जास्त पडते. रस्ता तीस फुटांऐवजीं पंधरा फुटांचा ठेवला कीं आणखी कांहीं भूखंड निघतात. नाली न बांधली कीं तिचाहि खर्च वांचतो. चोरी येथें कुलूप तोडून होत नाहीं, ती नकाशाची रेघ थोडी सरकवून होते. आणि जिच्यावर चोरी होते ती रयत पेढे वांटून गृहप्रवेश करते. आग लागली तर बंब आंत शिरत नाहीं, बाळंतिणीला न्यावयाचें तर गाडी वळत नाहीं, तेव्हां कोठें कळतें कीं आपण काय विकत घेतलें!

दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्या भागांतील काळी जमीन कपाशीला चांगली, पण घराला वैरीण. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि उथळ पाया घातला तर भिंतींना तडे पाडते. हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. त्याच जमिनींत पाणी हळूहळू मुरतें. म्हणून नाली नसलेल्या वस्तींत प्रत्येक घरामागें जो शोषखड्डा खणतात तो भर पावसांत तुंबतो व वर येतो. शेजारींच विहीर किंवा बोअर असते. मग संडासाचें पाणी कोठें जातें व प्यावयाचें पाणी कोठून येतें, हें वेगळें सांगावयास नको. घरें विरळ असतांना हा धोका दिसत नाहीं. शंभर घरें झालीं म्हणजे तापाच्या सांथीच्या रूपानें तो दारांत उभा राहतो.

आणि पावसाचें पाणी? शहराच्या दक्षिणेकडील पोहरा नदी पिपळा-नरसाळ्याच्या बाजूनें वाहते. तिला मिळणारे लहान लहान ओहोळ शेतकऱ्यांच्या बांधांतून पिढ्यान्‌पिढ्या वाहत आले. लेआऊटच्या नकाशावर ओहोळ म्हणजे वायां जाणारी जागा. तो बुजवितात, त्यावर माती टाकतात, त्यावर भूखंड पाडतात. पण पाणी नकाशा वाचीत नाहीं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे थोड्या तासांत जो पाऊस कोसळला त्यानें अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी पात्र सोडून वस्तीत शिरली, आणि नागपुरांतील चांगल्या, पक्क्या, श्रीमंत म्हणविणाऱ्या वस्त्यांतहि माणसें मेलीं, गाड्या वाहून गेल्या, दुकानें बुडालीं. ज्या शहराला महानगरपालिका, सुधार प्रन्यास व इंजिनिअर यांची फौज आहे त्याची ही गत. मग ज्या खेड्याच्या ग्रामपंचायतीजवळ एक ग्रामसेवक व एक शिपाई, त्यानें बुजविलेल्या ओहोळाचें उत्तर कोठून द्यावें?

आतां अधिकाऱ्यांची बाजूहि पाहिली पाहिजे. केवळ शिव्या देऊन संपादकीय भरतें, गांवाचें भलें होत नाहीं. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्यानें शहरासाठीं निर्माण झाला. शहराबाहेरच्या शेंकडों खेड्यांसाठीं नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१७ मध्यें उभें राहिलें. महानगर प्रदेशाच्या आराखड्याचें प्रारूप २०१५ मध्यें लोकांपुढें ठेवण्यांत आलें, हरकती मागविण्यांत आल्या, आणि २०१८ मध्यें शासनानें आराखडा मंजूर केला. अधिकारी म्हणतात, ‘आम्ही आराखडा केला, नियम केले, लोकच परवानगीवांचून घेतात व बांधतात. पाडावयास गेलों तर गरिबांवर अन्याय म्हणून ओरड होते. न पाडलें तर लांचखोर म्हणून ओरड होते.’ यांत तथ्य नाहीं असें नाहीं. गांवोगांवच्या सरपंचांनींहि आपल्या शिक्क्याची ताकद न ओळखतां बांधकामाचे दाखले वांटले, आणि पुढें ‘हा अधिकार ग्रामपंचायतीचा नव्हताच’ असें सांगून तीं घरें अनधिकृत ठरविण्यांत आलीं. शिक्का मारणारा सुखरूप राहिला, घर बांधणारा कचेरीच्या पायऱ्या झिजवीत बसला.

परंतु अधिकाऱ्यांस आमचा एक सवाल आहे. परवानगीवांचून वस्ती उभी राहावयास एक रात्र लागत नाहीं, वर्षें लागतात. पहिली चुन्याची रेघ ओढली गेली त्या दिवशीं तलाठी कोठें होता? पहिला विजेचा खांब रोवला गेला, पहिलें विक्रीपत्र नोंदणी कचेरींत नोंदलें गेलें, मुद्रांक शुल्क सरकारच्या तिजोरींत पडलें, तेव्हां हें अनधिकृत आहे असें कोणीं सांगितलें? सरकारचा एक हात शुल्क घेतो आणि दुसरा हात नोटीस देतो, आणि दोन्ही हात एकाच धडाचे आहेत! हरकती मागवितात त्याहि कशा? राजपत्रांत एक जाहिरात, वर्तमानपत्रांत बारीक टाइपांत एक चौकट, नकाशा कचेरींत, आणि कचेरी गांवापासून पंचवीस मैलांवर. ज्याच्या शेतावरून आराखड्यांतील रस्ता जाणार आहे तो त्या दिवशीं निंदणाला असतो. मुदत संपल्यावर त्याला कळतें, आणि मग त्याला सांगतात, ‘हरकत कां घेतली नाहीं?’ हें म्हणजे उंटावरून शेळ्या हांकणें झालें.

पूर्वीं मालगुजाराच्या वाड्यांत व पटवाऱ्याच्या बस्त्यांत गांवाचें दैव बांधलेलें असे. अक्षर ओळखणारा एक आणि अंगठा देणारे शंभर, अशी रीत होती. मालगुजारी १९५१ सालीं गेली. आज सातबारा मोबाईलवर दिसतो, प्रकल्पाची नोंद महारेराच्या संकेतस्थळावर दिसते. बस्ता उघडा झाला, पण वाचणारे किती झाले? ‘एन.ए., टी.पी., आर.एल.’ हीं अक्षरें आमच्या भागांतील प्रत्येक फलकावर झळकतात, आणि तीं वाचून भोळा माणूस समजतो कीं सर्व कांहीं ठीक आहे. त्यांतील ‘आर.एल.’ या दोन अक्षरांकडेच पाहा. मंजूर लेआऊटांत ठरलेलीं कामें झाल्यावर प्राधिकरण भूखंड विक्रीस मोकळे केल्याचें पत्र देतें, त्यासहि आर.एल. म्हणतात, आणि अनधिकृत भूखंड शुल्क घेऊन नियमित केल्याचें पत्र मिळतें, त्यासहि आर.एल. म्हणतात. एक पत्र सांगतें कीं कामें झालीं. दुसरें सांगतें कीं चुकीला माफी मिळाली. अक्षरें तींच, अर्थ जमीन-अस्मानाचा. दलालाला हा फरक ठाऊक असतो, घेणाराला नसतो. म्हणून आमचें म्हणणें आहे कीं आमच्या शाळांतून सातवी-आठवीच्या मुलांस सातबारा, फेरफार व लेआऊटचा नकाशा वाचावयास शिकवावें. क्षेत्रफळाचीं उदाहरणें पुस्तकांतल्या बागेवर सोडविण्यापेक्षां गांवाच्या गट नंबरावर सोडवावीं. ज्या घरांत एक मूल नकाशा वाचूं लागलें त्या घराला फसविणें दलालाला सोपें राहणार नाहीं.

२०१६ चा स्थावर संपदा कायदाहि लोकांनीं समजून घ्यावा. ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जमिनीवरचा विक्रीचा प्रकल्प, मग तो नुसत्या भूखंडांचा कां असेना, नोंदल्याशिवाय त्याची जाहिरातहि करतां येत नाहीं. आणि घेणारांकडून आलेल्या पैशांपैकीं सत्तर टक्के रक्कम वेगळ्या खात्यांत ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व कामावर खर्चावी लागते. फलकावर नोंदणी क्रमांक नसेल तर इसार देऊं नये, एवढें एक पथ्य पाळलें तरी पुष्कळ संसार वांचतील.

शेतकरी बांधवांसहि दोन शब्द. जमीन विकूं नका, असा कोरडा उपदेश आम्ही करीत नाहीं. कपाशीचा भाव, मजुरीचा खर्च व कर्जाचा हप्ता यांच्या कात्रींत सांपडलेल्या माणसास असा उपदेश करणें सोपें, पण त्याचें घर चालविणें कठीण. ज्याचें जळतें त्याला कळतें. पण विकतांना एक लक्षांत ठेवा. तुमची जमीन एकरानें घेतात आणि फुटानें विकतात. एकराच्या भावांत व फुटाच्या भावांत जें अंतर आहे, त्यांतच मोटार, बंगला व पुढारीपण उगवतें. थोडा इसार घेऊन आममुखत्यारपत्रावर सही करूं नका. तें पत्र म्हणजे दुसऱ्याच्या हातीं दिलेली तुमची मान आहे. करार नोंदवून घ्या. शक्य असेल तेथें चार शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन आपणच मंजुरी घ्यावी, किंवा विकसित भूखंडांतला हिस्सा करारांत लिहून घ्यावा. सरकारी योजना असली म्हणूनहि गाफील राहूं नये. मिहानसाठीं ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शिवणगांव-खापरीकडील लोकांस मोबदल्यासाठीं व पुनर्वसनासाठीं वर्षानुवर्षें भांडावें लागलें, हें नागपुरानें पाहिलें आहे. सप्टेंबर २०२५ मध्यें हिंगणा तालुक्यांतील गोधणी व लाडगांव येथील सुमारें ६९२ हेक्टरांवर ‘नवीन नागपूर’ वसविण्यास राज्याच्या मंत्रिमंडळानें मंजुरी दिली. म्हणजे योजना लहान असो वा मोठी, खासगी असो वा सरकारी, प्रश्न तोच : गांवाचा हिस्सा किती, आणि तो लिहिला आहे कोठें?

आणि ज्याच्याजवळ विकावयास जमीनच नाहीं त्याचें काय? ग्रामसभेंत जमीनवाला बोलतो, दलाल बोलतो, पुढारी बोलतो. भूमिहीन मजूर भिंतीला टेकून उभा असतो. शेत गेलें कीं त्याची मजुरी जाते, शेळीचें चरणें जातें, सरपण जातें; आणि किंमत मात्र त्याला एक पैशाचीहि मिळत नाहीं. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेंत सपाट प्रदेशांतील ग्रामीण घरकुलासाठीं १ लाख २० हजार रुपये ठरविण्यांत आले. परंतु घरकुलाला आधीं जागा पाहिजे. जागा घेण्यासाठीं राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नांवाची वेगळी योजना आहे, ती पांचशें चौरस फुटांपर्यंतच्या जागेचा विचार करते; पण जेथें जमीन फुटाच्या भावानें विकूं लागली तेथें त्या मदतींत ओटा तरी येईल काय? मोठ्या महापालिकांच्या हद्दींत ४,००० चौरस मीटर व त्यावरील योजनांत वीस टक्के हिस्सा दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठीं ठेवण्याचा नियम आहे. हा नियम केवळ शहराचें भूषण म्हणून राहूं नये. शहर ज्या खेड्याच्या छातीवर वाढतें तेथेंहि तो पाळला जावा, आणि त्या वीस टक्क्यांत पहिला मान त्याच गांवच्या भूमिहीनाला असावा.

येथें एक कडू गोष्ट बोलणें भाग आहे. नव्या वस्तींत भूखंड दाखवितांना नांव विचारतात, मग आडनांव विचारतात, मग गांव विचारतात; आणि यापलीकडे काय विचारावयाचें असतें तें सर्वांस समजतें. जुन्या गांवाला वेस होती व वेशीबाहेर कांहीं घरें होतीं. रस्ते डांबरी झाले, दिवे विजेचे झाले, आणि नकाशा जर तोच राहिला तर आपण पुढें काय गेलों? जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. दीडशेंहून अधिक वर्षें झालीं. त्या हौदाचें नांव घेणारांनीं आपल्या गांवच्या लेआऊटांत जात पाहून भूखंड नाकारला जातो कीं काय, नळाची वाहिनी कोणत्या मोहल्ल्यापाशीं येऊन थांबते, याची चौकशी करावी. जयंतीच्या मिरवणुकीपेक्षां ती चौकशी अधिक उपयोगाची होईल.

तेव्हां गांवानें करावें काय? आमच्या सूचना अशा आहेत.

पहिली, योजनेचा नकाशा मराठींत, मोठ्या अक्षरांत, ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या भिंतीवर लावावा. त्यांत रस्ते, नाल्या, मोकळी जागा वेगवेगळ्या रंगांनीं दाखवावी. प्राधिकरणाच्या अधिकाऱ्यानें गांवांत येऊन ग्रामसभेसमोर तो समजावून सांगावा. हरकती तेथेंच लिहून घ्याव्यात आणि त्याची पोंच द्यावी.

दुसरी, पाणी कोठून येणार व सांडपाणी कोठें जाणार, याचें उत्तर कागदावर मिळाल्याशिवाय ग्रामसभेनें पाठिंब्याचा ठराव करूं नये. नाली, रस्ता व पाण्याची सोय प्रत्यक्ष पूर्ण होऊन पाहणी झाल्याशिवाय भूखंड मोकळे केल्याचें पत्र प्राधिकरणानें देऊं नये. पाहणीच्या वेळीं गांवचे पंच व दोन स्त्रिया हजर असाव्यात. पाण्याची गांठ त्यांच्याशींच रोज पडते.

तिसरी, भूमिअभिलेख खात्याकडून ओहोळ, तळें, पांदण, दहनभूमि व गुरांची जागा यांची मोजणी आधीं करून घ्यावी. विदर्भाला निस्तारपत्रकाची व वाजिब-उल-अर्जाची परंपरा आहे; १९६६ च्या जमीन महसूल संहितेंत कलम १६१ व १६५ प्रमाणें त्यांस आजहि स्थान आहे. गांवाला चराई, सरपण, वाट व पाणी यांचे कोणते हक्क आहेत तें त्या कागदांत पाहावयास मिळतें. आपल्या आजोबांच्या काळचा हा कागद तहसिलींतून काढून आणा. नवा नकाशा त्याच्या शेजारीं ठेवून पाहा. जेथें दोन नकाशे जुळत नाहींत, तेथें चोर सांपडेल.

चौथी, मोकळी जागा व शाळा-दवाखान्याची जागा पहिल्या दिवसापासून दगड रोवून, तारेचें कुंपण घालून वेगळी करावी. आज मोकळी दिसणारी जागा उद्यां कोणाच्या तरी देवळाच्या, कार्यालयाच्या किंवा पुतण्याच्या नांवावर निघते.

पांचवी, भूमिहीनांचा हिस्सा ठरावांत शब्दानें नव्हे तर भूखंडाच्या क्रमांकानें लिहावा. ‘गरिबांचा विचार करण्यांत येईल’ या वाक्यावर आजवर एकहि घर उभें राहिलेलें नाहीं.

कोणी म्हणेल, इतक्या अटी घातल्या तर योजना दुसऱ्या गांवाला जाईल. जाऊं द्या. जी योजना नालीच्या नांवानें पळते ती लक्ष्मी नव्हे. आणि शेजारच्या गांवानेंहि याच अटी घातल्या तर ती जाईल कोठें? म्हणून दहा-पांच गांवांनीं एकत्र बसून एकच ठराव करावा. दलालाचें बळ गांवांच्या फुटींत आहे. एक गांव अडलें कीं तो दुसऱ्या गांवचा दाखला देतो. त्याचा हा दाखला काढून घ्यावा.

हुडकेश्वरांतील लोकांनीं जें सोसलें त्यांत त्यांचा गुन्हा एवढाच कीं ते आधीं आले. चिखलांतून मुलांस खांद्यावर घेऊन शाळेंत पोंचविणें, पाण्याच्या गाडीची वाट पाहणें, विकास शुल्काची पावती जपून ठेवणें, हा त्यांनीं भरलेला मोल आहे. त्यांच्या अनुभवाचा उपयोग पुढच्या गांवांनीं केला नाहीं तर तो मोल वायां जाईल. विहीरगांवाकडील, उमरेड रोडच्या दोहों अंगांच्या गांवकऱ्यांनो, आपल्या ग्रामसभेला हुडकेश्वराच्या चार जुन्या रहिवाशांना बोलवा. त्यांना व्यासपीठावर बसवा, हारतुरे नकोत. त्यांनीं आपल्या घराचे कागद दाखवावेत व काय काय सोसलें तें सांगावें. येत्या ग्रामसभेचा पहिला विषय हा असूं द्या, आणि जो लेआऊटचा फलक वेशीवर लागला आहे त्याच्या मालकालाहि ऐकावयास बोलवा. त्याच्याजवळ नालीचा नकाशा असेल तर तो घेऊन येईल.